नमुना सही आपल्याच कपाटात असते

मागील अंकात मुदत ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत मात्र नामनिर्देशनापेक्षा बँकेच्या नावाने येणाऱ्या बनावट ईमेलचीच चौकशी अधिक होती, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून गाळली असून काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापिका असून प्रतापनगरात एकटी राहते. ज्या बँकेत माझे निवृत्तिवेतन जमा होते, तिच्या नावाने मला ईमेल आला. ‘आपली केवायसी अपूर्ण आहे, आज सायंकाळी सहा वाजता खाते गोठवले जाईल, ते टाळण्यासाठी खालील दुव्यावर माहिती भरावी,’ असा मजकूर होता. बोधचिन्ह, रंग, तळाची सूचना सगळे हुबेहूब होते, मराठीही शुद्ध होती आणि माझ्या कार्डाचे पहिले सहा अंकसुद्धा बरोबर होते. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘काकू, हा खोटा आहे’. पण कशावरून, हे त्याला सांगता आले नाही. छापील प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर : आपण पाठवलेली प्रत समोर ठेवूनच हे लिहीत आहे, आणि आधी हे कबूल करतो की नुसत्या रूपावरून ती खोटी ठरवणे मलाही जमले नसते. बोधचिन्ह खरे आहे, कारण ते बँकेच्या संकेतस्थळावरून जसेच्या तसे उचलता येते. ‘आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका’ ही तळाची सूचनाही खरीच आहे, कारण तीही तिथूनच उचललेली आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा पत्रांची भाषा ओबडधोबड असे, ‘तुमचा खाते बंद केला जाईल’ अशा थाटाची, आणि आम्ही ग्राहकांना व्याकरणाच्या चुका शोधायला सांगत असू. आता यंत्राकडून हवी तेवढी निर्दोष मराठी लिहून घेता येते, त्यामुळे तो सल्ला मी मागे घेतो. (एका मुख्याध्यापिकेला हे सांगताना वाईट वाटते, पण शुद्धलेखन हा आता सचोटीचा पुरावा राहिलेला नाही.)

मग ओळखायचे कशावरून? मी बँकेच्या नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी चेक पास करण्याच्या टेबलावर बसवले गेले होते. चेकवरची सही सुबक आहे की नाही, हे आम्ही कधी पाहिले नाही. लोखंडी कपाटातील ट्रे ओढायचा, त्या खात्याचे नमुना सहीचे कार्ड काढायचे आणि दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहायच्या, एवढेच काम होते. एखाद्याने चेकसोबतच ‘ही घ्या माझी नमुना सही’ म्हणून कागद पुढे केला असता, तर तो आम्ही हातातही धरला नसता. ईमेलच्या बाबतीत लोक नेमके तेच करतात. आलेले पत्र त्याच्याबरोबरच आलेल्या गोष्टींशी ताडून पाहतात, म्हणजे त्यातल्याच बोधचिन्हाशी, त्यात छापलेल्या दूरध्वनी क्रमांकाशी आणि त्यातल्या दुव्यावर उघडणाऱ्या पानाशी. ताळा जुळतो, कारण दोन्ही बाजू एकाच हाताने लिहिलेल्या असतात. आपली नमुना सही म्हणजे घरात आधीपासून असलेले पासबुक, कार्डाच्या पाठीमागे छापलेला क्रमांक आणि जिथे आपण वर्षानुवर्षे जात आलात ती शाखा.

आता त्या सहा अंकांविषयी, कारण आपला विश्वास तिथेच बसला असे पत्रावरून दिसते. कार्डाचे पहिले सहा अंक आपले नसतातच. ते कार्ड कोणत्या बँकेने आणि कोणत्या प्रकारचे दिले आहे, हे सांगणारे असतात, आणि तेच कार्ड बाळगणाऱ्या असंख्य ग्राहकांचे ते सारखेच असतात. खरी बँक आधीचे अंक फुल्यांनी झाकते आणि शेवटचे चार उघडे ठेवते. आपल्या प्रतीत ते उलटे आहे, म्हणजे सुरुवात उघडी आणि शेवट झाकलेला. अर्थात शेवटचे चार अंक बरोबर असते तरी मी निश्चिंत झालो नसतो, कारण दुकानात कार्ड वापरल्यावर मिळणाऱ्या पावतीवरही ते छापलेले असतात.

सायंकाळी सहाची मुदत हा दुसरा पुरावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार केवायसीचे नूतनीकरण जास्त जोखमीच्या ग्राहकासाठी किमान दोन वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीच्या ग्राहकासाठी आठ वर्षांतून एकदा आणि कमी जोखमीच्या ग्राहकासाठी दहा वर्षांतून एकदा करायचे असते. जून २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तर नूतनीकरणाची तारीख येण्यापूर्वी बँकेने किमान तीन सूचना द्यायच्या आहेत आणि त्यांतली किमान एक कागदी पत्राने द्यायची आहे. ज्या प्रक्रियेला दहा वर्षांची मुदत आहे, ती सकाळी कळवून सायंकाळी संपत नाही. घाई ही बँकेची गरज नसते. ती चोराची गरज असते, कारण आपण दुपारची झोप काढून उठलात किंवा भाचीला फोन केलात, तर त्याचा डाव फसतो.

तिसरी गोष्ट पत्त्याची. मोबाइलवर पाठवणाऱ्याचे केवळ नाव दिसते, आणि तिथे काय लिहायचे हे पाठवणाराच ठरवतो. त्या नावावर बोट टेकवले की मूळ पत्ता उघडतो. आपल्या प्रतीत ‘अ‍ॅट’च्या खुणेनंतर बँकेचे नाव, मग एक आडवी रेघ, मग ‘केवायसी’ आणि शेवटी ‘डॉट टॉप’ असे आहे. इंटरनेटवरचा पत्ता नेहमी शेवटाकडून वाचायला घ्यावा. ‘नागपूर संत्रा बर्फी’ ही पाटी रायपूरच्या दुकानावरही लागू शकते, आणि दुकान खरोखर कुठे आहे हे पत्त्याच्या शेवटच्या ओळीवरूनच कळते. दुव्यातही तसेच असते. आरंभीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचे दोन-तीन शब्द म्हणजे त्या जागेचा खरा मालक. त्याच्याही डावीकडे बँकेचे नाव, ‘सुरक्षित’, ‘लॉगिन’ असे काहीही लिहिलेले असले तरी ती नुसती पाटी समजावी. अक्षरेही निरखावीत, कारण रोमन लिपीतील ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे जवळजवळ आली की मोबाइलच्या पडद्यावर ती ‘एम’सारखी दिसतात.

या बाबतीत एक चांगली सोय अलीकडे झाली आहे. भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव शेवट वापरण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली आणि बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर नेण्यास सांगितले. हा शेवट बाजारात विकत मिळत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था तो फक्त बँकांनाच देते. म्हणजे पाटी कोणीही लावली तरी शेवटची ओळ आता सहजासहजी बळकावता येत नाही. मात्र हे शब्द पत्त्याच्या अगदी शेवटी हवेत. ‘बँक डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ असा पत्ता असेल, तर तिथला मालक ‘अमुक’ आहे.

बँकांची बाजू घेऊन मात्र मी हे लिहीत नाही. गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या बँकेने मला एका सर्वेक्षणाचा ईमेल धाडला. पत्ता अनोळखी, दुवा लांबलचक, ‘दोन दिवसांत भरा’ असा आग्रह. मी शाखेत जाऊन विचारले, तर तो चक्क खरा निघाला. ग्राहकांना ‘दुवे दाबू नका’ असे बजावायचे आणि स्वतःच दुवे पाठवायचे, हा प्रकार बंद झाल्याशिवाय ग्राहकांची नजर तयार होणे कठीण आहे.

आपण पुढे काय करावे? ईमेलला उत्तर देऊ नये, त्यातील क्रमांकावर फोन करू नये आणि गूगलवर ‘ग्राहक सेवा’ असे शोधून मिळालेल्या क्रमांकावरही करू नये, कारण तिथेही बनावट क्रमांक पेरलेले असतात. पासबुक घेऊन शाखेत जावे आणि केवायसीची तारीख विचारावी. आणि त्या शेजारच्या मुलाला चहा पाजावा.

प्रश्न : हिंगणा मार्गावरील कारखान्यात नोकरीला आहे. असाच ईमेल आला, मी दुवा दाबला, पान उघडले, पण संशय आल्याने काहीही न भरता बंद केले. माझे खाते आता धोक्यात आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पान उघडल्यामुळे आपला ईमेल पत्ता चालू आहे एवढे त्यांना कळले असेल, म्हणजे यापुढे अशी पत्रे अधिक येतील. मोबाइल आणि ब्राउझर अद्ययावत असतील, तर नुसते पान पाहिल्याने पैसे जात नाहीत. मात्र त्या वेळी एखादी फाइल उतरली का, हे ‘डाउनलोड’ कप्प्यात पाहावे. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली, म्हणजे मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी, फाइल दिसली तर ती न उघडता पुसून टाकावी. ती आधीच बसवली असेल, तर मोबाइलचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या उपकरणावरून सर्व पासवर्ड बदलावेत आणि बँकेला कळवावे, कारण असे अ‍ॅप आपले एसएमएस, म्हणजेच ओटीपी, परस्पर वाचू शकते.

प्रश्न : मी मिहानमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बाबांना आलेल्या संशयास्पद ईमेलचा मूळ मजकूर मी जीमेलमध्ये उघडून पाहिला, तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही चाचण्या उत्तीर्ण दाखवल्या होत्या, आणि पानावर एचटीटीपीएसही होते. शिवाय मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला तेव्हा पानाने तो नाकारला. मग ते पान बनावट कसे?

उत्तर : तिन्ही चाचण्या काय सिद्ध करतात, ते आधी पाहू. ईमेल पोचवण्याचे मूळ प्रमाणक १९८२ चे असून त्यात पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नव्हती. टपालाच्या लिफाफ्यावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तशी ती रचना होती. ही उणीव भरण्यासाठी नंतर ठिगळे लावली गेली. एसपीएफ म्हणजे या पत्त्याच्या वतीने कोणते सर्व्हर पत्रे पाठवू शकतात याची जाहीर यादी, डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर, आणि डीमार्क म्हणजे दिसणारा पत्ता या दोन्हींशी जुळत नसेल तर पत्राचे काय करायचे याची सूचना. तिन्ही उत्तीर्ण याचा अर्थ एवढाच की पत्र ज्या पत्त्यावरून आले असे दिसते, तिथूनच ते आले आहे. तो पत्ता बँकेचा आहे, असे त्या चाचण्या कुठेही म्हणत नाहीत. चोराने बँकेशी मिळतेजुळते नाव रीतसर विकत घेतले, त्यावर तिन्ही नोंदी नीट केल्या, की तो प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होतो. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या ग्राहकांना धाडणाऱ्यांवर गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या नोंदी सक्तीच्या केल्या आहेत, तेव्हा हा धंदा मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या चोरालाही त्या कराव्याच लागतात. अनुत्तीर्ण पत्र संशयास्पद मानावे, हे खरे. उत्तीर्ण पत्र विश्वासार्ह मानावे, हे त्यातून निघत नाही.

एचटीटीपीएसचेही तेच. आपण आणि ते पान यांच्यामधला संवाद तिसऱ्याला वाचता येत नाही, इतकेच ते सांगते; पलीकडे कोण बसले आहे, याची हमी देत नाही. हे प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळते. अशा पानाच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्राला लोक सज्जनपणाचे चिन्ह समजू लागले होते, म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पत्तापट्टीतून ते काढूनच टाकले.

चुकीचा पासवर्ड टाकून पाहण्याची युक्ती अनेक जण सांगतात, आणि एके काळी ती चालतही असे. आता ती वापरू नये. आजची बनावट पाने मध्यस्थासारखी चालतात. आपण भरलेले नाव आणि पासवर्ड ती त्याच क्षणी बँकेच्या खऱ्या पानावर टाकतात; तिथे पासवर्ड चुकला तर बनावट पानही ‘चुकला’ म्हणते, आणि बरोबर असेल तर बँक आपल्याला खराखुरा ओटीपी पाठवते. ओटीपीचा एसएमएस अस्सल आल्यामुळे उरलासुरला संशयही मावळतो. त्या क्षणी एकच गोष्ट कामाची असते, ती म्हणजे नुसत्या अंकांवर नजर न टाकता एसएमएस पूर्ण वाचणे. पानावर ‘केवायसीसाठी ओटीपी भरा’ असे असते, आणि एसएमएसमध्ये ‘नवीन लाभार्थी जोडण्यासाठी’ किंवा ठरावीक रक्कम अमुक ठिकाणी देण्यासाठी, असे लिहिलेले असते.

बाबांसाठी आपण एक काम करू शकता. त्यांच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवणारी व्यवस्था सुरू करून द्या. ती पानाचे रूप पाहत नाही, केवळ पत्ता पाहते. पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी पासवर्डचा रकाना रिकामाच राहतो. रकाना आपोआप भरला नाही तर हाताने भरायचा नाही, एवढे त्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : इतवारीत डाळींचा ठोक व्यापार आहे. दुकानाच्या ईमेलवर बँकेच्या नावाने ‘आरटीजीएस जमा सूचना’ म्हणून जोडपत्र आले. मुनीमजींनी उघडले, तर धूसर दिसणारा कागद आणि त्यावर ‘पाहण्यासाठी ईमेलचा पासवर्ड टाका’ असा चौकोन आला. त्यांनी तो टाकला. पुढे काही घडले नाही, बँकेतली शिल्लकही जागेवर आहे. विषय सोडून द्यावा का?

उत्तर : सोडून देऊ नये. माझ्यासमोर आलेल्या सर्व पत्रांत मला सर्वाधिक काळजी आपल्याच पत्राची वाटली, कारण आपले काही गेलेले नाही असे आपल्याला वाटते आहे. चोराला बँकेचा पासवर्ड नकोच होता, त्याला दुकानाची टपालपेटी हवी होती. ती हाती आली की तो आठवडेच्या आठवडे गप्प बसून वाचत राहतो. कोणाकडून तुरीचा माल येतो, कोणाचे बिल कधी देय आहे, पत्राची भाषा कशी असते, हे सगळे टिपतो. मग देय तारखेच्या आदल्या दिवशी आपल्या गिऱ्हाईकाला आपल्याच पत्त्यावरून ईमेल जातो, ‘आमचे खाते बदलले आहे, रक्कम खालील खात्यात भरावी.’ गिऱ्हाईकाने तपासायचे तरी काय? पत्ता खरा, बिल खरे, रक्कम पैशापर्यंत खरी.

म्हणून आजच दुसऱ्या संगणकावरून ईमेलचा पासवर्ड बदलावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि इतर सर्व उपकरणांवरून लॉगआउट करण्याचा पर्याय वापरावा. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ हे दोन भाग उघडून पाहावेत. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत भलत्याच पत्त्यावर जावी, किंवा ‘बँक’ हा शब्द असलेले उत्तर परस्पर कचऱ्यात जावे, अशी सूचना चोराने तिथे लिहून ठेवलेली असू शकते आणि ती पासवर्ड बदलल्यावरही चालूच राहते. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आणि मालवाल्यांना फोन करून सांगावे की आमचे खाते बदललेले नाही, आणि पुढे कधी बदललेच तर ते आम्ही तोंडी कळवू.

मुनीमजींच्या फाइलीविषयी थोडे. तिच्या नावात ‘पीडीएफ’ होते, पण त्यानंतर आणखी एक टिंब आणि ‘एचटीएमएल’ असणार. विंडोज हा शेवटचा तुकडा मुळातच लपवून ठेवते. ‘फाइल नेम एक्स्टेन्शन’ दाखवण्याचा पर्याय निवडला की तो दिसू लागतो. बँकेचे विवरणपत्रही पासवर्ड मागते, म्हणून गल्लत होते. पण तो पासवर्ड त्या फाइलीपुरता असतो, ईमेलचा किंवा नेटबँकिंगचा कधीच नसतो.

आणखी एक बाब व्यापाऱ्यांना अजूनही नवी वाटते. आरटीजीएस आणि एनईएफटी या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या सेवांमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. लिहिलेले नाव त्या क्रमांकाशी जुळते का, हे बँक पाहतेच असे नाही. समोरच्या खात्याचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. नवीन खाते जोडताना ती वापरावी. एनईएफटी २०१९ पासून आणि आरटीजीएस २०२० पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. म्हणजे शनिवारी रात्री चुकून पाठवलेली रक्कम सोमवारच्या सकाळची वाट पाहत थांबत नाही.

प्रश्न : मी पुण्यात असते, आई-बाबा मानेवाड्यात राहतात. शनिवारी दुपारी बाबांना ‘रिवॉर्ड पॉइंट आज संपतील’ असा बँकेचा ईमेल आला. त्यांनी कार्डाचा तपशील आणि ओटीपी भरला आणि ४८,५०० रुपये गेले. मला त्यांनी मंगळवारी सांगितले, तेही आईने टोकल्यावर. ‘माझीच चूक आहे, कोणाला सांगू नकोस’ असे ते म्हणतात. बँक पैसे परत देईल का, आणि आता तक्रार करून उपयोग आहे का?

उत्तर : हे पत्र आले त्याच दिवशी आपल्याला फोनवर पुढील कृती सांगितली होती. इतरांसाठी ती येथे देतो.

पहिला फोन सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करायचा, आणि तो बाबांनी स्वतः केला नाही तरी शेजारी बसून कोणीही करून देऊ शकते. खाते क्रमांक, रक्कम, दिनांक, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये तो १२ अंकी असतो आणि विवरणपत्रात सापडतो. या फोनमुळे जी साखळी हलते ती समजून घेतली, तर घाईचे कारण कळते. तक्रार प्रथम बाबांच्या बँकेकडे जाते, तिथून पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे, तिथून पुढे सरकले असतील तर तिसऱ्या बँकेकडे. वाटेत ज्या खात्यात रक्कम अजून पडून असेल, तिथे ती रोखून धरली जाते. एटीएममधून रोख काढली गेली की साखळी तिथे तुटते. शनिवार ते मंगळवार या काळात बरेच पाणी वाहून गेलेले असते. तरीही रकमेचा एखादा तुकडा कुठेतरी अडकलेला सापडतो, म्हणून उशीर झाला तरी फोन करावाच. पाठोपाठ राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. नागपूर शहर पोलिसांचे सायबर पोलीस ठाणे आहे. पण जवळच्या ठाण्यातही तक्रार घेतली गेली पाहिजे, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड चोरून वापरणे आणि तोतयेगिरीने फसवणे, हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ६६ क आणि ६६ ड या कलमांखाली गुन्हे असून दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

बँक पैसे देईल का, याचे उत्तर गोड करून सांगणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जबाबदारीची वाटणी आहे. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, तर यंत्रणेत इतरत्र असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भुर्दंड पडतो. त्यापुढे बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. परंतु ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर तो त्याचा निष्काळजीपणा मानला जातो, आणि बँकेला कळवण्यापर्यंतचे नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. बाबांचे प्रकरण या शेवटच्या प्रकारात मोडण्याची शक्यता अधिक आहे.

तरीही दोन वाक्ये आपल्या बाजूची आहेत. ग्राहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी परिपत्रकाने बँकेवर टाकलेली आहे, म्हणून ‘ओटीपी तुमच्याकडूनच गेला असेल’ एवढ्या तोंडी उत्तरावर शाखेतून परत येऊ नये. निर्णय लेखी मागावा. आणि कळवल्यानंतर जे नुकसान होईल, ते पूर्णपणे बँकेचे असते. त्यामुळे कळवल्याची पोच, म्हणजे तक्रार क्रमांक, दिनांक आणि वेळ, जपून ठेवावी. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

बाबांविषयी एक शब्द, विचारलेले नसताना. शाखेत असताना मी फसवले गेलेले अभियंते, वकील, एकदा तर आमच्याच बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, असे सगळे पाहिले आहेत. प्रत्येक जण तक्रारीवर सही करताना ‘मला कळायला हवे होते’ हेच म्हणत होता आणि प्रत्येकाने एक-दोन दिवस या लाजेपायीच घालवले होते. चोराला ओटीपीइतकाच त्या दोन दिवसांचा उपयोग होतो. तेव्हा सध्या त्यांना समजावून सांगू नका, फक्त फोन लावून द्या.

प्रश्न : मला थेट रिझर्व्ह बँकेचा ईमेल आला आहे. परदेशातील एका निधीतून माझ्या नावे मोठी रक्कम मंजूर झाली असून ती ‘रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात’ पडून आहे, आणि सोडवण्यासाठी १२,५०० रुपये प्रक्रिया शुल्क भरायचे आहे. संविधान चौकातील कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष चौकशी करावी, असे मुले म्हणतात. जाऊ का?

उत्तर : शुल्क भरण्याआधी चौकशी करावीशी वाटली, हे उत्तम झाले, परंतु त्यासाठी उन्हातून सिव्हिल लाइन्सपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. रिझर्व्ह बँक सर्वसामान्य माणसाचे बचत किंवा चालू खाते उघडत नाही, कोणाच्या नावे आलेली बक्षिसाची रक्कम सांभाळत नाही आणि ती सोडवण्याचे शुल्कही घेत नाही. पत्र लिहिणाऱ्याने आपल्या गावातील इमारत माहीत करून घेतली, एवढेच त्यातले खरे आहे. ईमेल पुसून मात्र टाकू नये. त्यातील खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक आणि पाठवणाऱ्याचा पत्ता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरील संशयितांच्या नोंदीत कळवावा, म्हणजे त्याच खात्यात दुसऱ्या कोणाचे १२,५०० रुपये जाण्यापूर्वी ते खाते तपासले जाण्याची शक्यता राहते.